तांबी, अंतरा, छाया

(दृश्य : पन्हाळ्याच्या उतारावरची वाडी, उसाचे फड, अंगणवाडीचा व्हरांडा)

वाडीच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी पिशवी उलटी केली आणि गर्भनिरोधकांची एकेक वस्तू सतरंजीवर मांडली. निरोधची पाकिटं. माला-एनच्या गोळ्या. छाया. अंतराचं इंजेक्शन. आणि तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायची कॉपर-टी.

तांबी हातोहात फिरते. "एवढीशीच?" असं प्रत्येकीला वाटतं. दोन प्रकार : पाच वर्षांची आणि दहा वर्षांची. काढली की पुन्हा दिवस राहू शकतात, हे ताई दोनदा सांगतात, कारण पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसत नाही.

छाया ही आठवड्याची गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, वार ठरवून. पुढं आठवड्याला एक. हार्मोन नसलेली ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. अंतरा म्हणजे तीन महिन्यांतून एक इंजेक्शन. दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, 2017 पासून.

(दृश्य : मागच्या रांगेतली तरुण बाई, पदर तोंडाशी)

"पाळी आली न्हाई तर रगत आत साठतंय काय वं?"

"न्हाई गं. आत अस्तरच धरत न्हाई, तर साठणार काय?"

हे आधी सांगायला लागतं. अंतरा घेतल्यावर पाळी मागेपुढे होते, काहींची थांबते. ते न सांगता सुई टोचली, तर बाई घाबरते आणि दुसऱ्या इंजेक्शनला फिरकत नाही. नोंदीत मग "लाभार्थीने सोडले" एवढंच उरतं. ठराविक मानधनाशिवाय ताईंना मोबदला मिळतो तो कामागणिक. असं बसून समजावण्याचा वेळ त्यात कुठल्या रकान्यात मोजतात, ते आम्हाला दिसलं नाही.

(दृश्य : दारात उभ्या सासूबाई)

सतरंजीवर पाच गोष्टी मांडलेल्या असतात आणि दारातून सल्ला येतो, "दोन पोरं झाली की ऑपरेशन करून टाकायचं." टाक्याचं की बिनटाक्याचं, सुनेच्या हातात राहतो तो एवढाच प्रश्न.

सासूबाईंना दोष देऊ नका. त्यांना कुणी दुसरं काही दाखवलंच नव्हतं. भारतानं 1952 मध्ये सरकारी कुटुंब नियोजन सुरू केलं, जगात सगळ्यांत आधी. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, 80 लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या तीन चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. मग निवडणुकीत सरकार पडलं, आणि त्यानंतर पुरुषाच्या वाटेला जायची कुठल्याच पक्षाची छाती झाली नाही. सगळा भार बाईकडे सरकला.

(दृश्य : जुनी भिंतीवरची जाहिरात, कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण)

सप्टेंबर 1994. कैरोमध्ये 179 देश लोकसंख्येवर बोलायला जमले. तोवर श्रीमंत देश पैसे द्यायचे आणि गरीब देशांकडून आकडे मागायचे. कैरोत जगभरच्या महिला संघटनांनी हे उलटवलं. मुलं किती, केव्हा, की नकोतच, हे ठरवायचा हक्क माणसाचा, सरकारचा नव्हे, असं तिथल्या कृती कार्यक्रमात आलं. भारतही त्यात सामील होता. एप्रिल 1996 मध्ये आपल्याकडं शस्त्रक्रियांची उद्दिष्टं कागदोपत्री रद्द झाली. 2014 मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या एका शिबिरात एकाच सर्जननं 83 बायकांवर शस्त्रक्रिया केल्या. त्या आठवड्यात तिथल्या शिबिरांतल्या डझनाहून जास्त बायका दगावल्या. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिबिरं तीन वर्षांत थांबवायला सांगितलं.

(दृश्य : दसरा चौक, शाहू महाराजांचा पुतळा, संध्याकाळची रहदारी)

कोल्हापूरवरची फिल्म आणि शाहू महाराज नाहीत, असं होत नाही. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करणाऱ्या राजाच्या जिल्ह्यात 2001 च्या जनगणनेनं वेगळाच आकडा दाखवला : सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं 839 मुली.

(दृश्य : सोनोग्राफी यंत्र, त्याला जोडलेली छोटी पेटी)

हा सायलेंट ऑब्झर्व्हर, चोरून होणारं गर्भलिंग निदान पकडण्यासाठी. सोनोग्राफीच्या पडद्यावर जे दिसतं, ते ही पेटी साठवून ठेवते. प्रत्येक गरोदर बाईमागं भरायचा एफ फॉर्म ऑनलाइन झाला, त्याची नोंद आणि पेटीतलं चित्रण ताडून पाहता येऊ लागलं. जिल्हा प्रशासनाच्या या सक्तीविरुद्ध डॉक्टरांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि 2011 मध्ये हरली. त्याच वर्षीच्या जनगणनेत कोल्हापूरचा आकडा 863 होता.

गर्भलिंग निदानाविरुद्धचा केंद्राचा कायदाही 1994 चाच. कैरोची परिषद संपली आणि आठवड्याभरात तो झाला. कैरोनं दोन्ही सांगितलं होतं : लिंगनिवड थांबवा, आणि जिथं गर्भपात कायदेशीर आहे तिथं तो सुरक्षित ठेवा. आपण पहिलं जोरात ऐकलं. नजर यंत्रावर ठेवायची होती, ती बाईवर गेली. "भ्रूणहत्या" भिंतीभिंतीवर रंगवलं, आणि 1971 च्या कायद्यानं गर्भपात ठराविक अटींवर कायदेशीर आहे हे वाडीतल्या निम्म्या बायकांना माहीत नाही.

(दृश्य : औषध दुकान, काउंटरवरची गर्दी)

गर्भपाताच्या गोळ्या महाराष्ट्रात फार थोडी दुकानं ठेवतात. या गोळ्या चालतात नऊ आठवड्यांपर्यंत. सोनोग्राफीत लिंग कळतं त्यानंतर. मग या गोळ्या दडवून कुठली मुलगी वाचते? 2021 मध्ये कायद्यानं काही गटांसाठी गर्भपाताची मुदत 24 आठवड्यांपर्यंत नेली, 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अविवाहितेलाही तोच हक्क दिला. दुकानदार अजून नवऱ्याची चिठ्ठी मागतो.

(दृश्य : आशाताईंची वही, पानं उलटताना)

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत 5.6 क्रमांकाखाली बाईला विचारायचे तीन प्रश्न आहेत. शरीरसंबंधाला नवऱ्याला नाही म्हणता येतं का? गर्भनिरोधक कोण ठरवतं? स्वतःच्या उपचाराचा निर्णय कोण घेतं? 2021 मध्ये 57 देशांच्या आकडेवारीतून निघालं की तिन्हीत स्वतःचं चालणाऱ्या बायका 55 टक्केच. ताईंच्या वहीत दुसऱ्या प्रश्नाला रकाना आहे, पहिल्याला नाही.

2025 मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत आटवली, आफ्रिकेत दवाखाने बंद पडले. कोल्हापूरची तांबी आपल्याच करातून येते, तेवढं बरं.

(दृश्य : गुऱ्हाळ. चुलवाणाचा जाळ, उकळती काहील, गुळव्या रस ढवळतोय)

पुरुष भेटले ते इथं. बिनटाक्याची पुरुष नसबंदी दहा-पंधरा मिनिटांची, पोट उघडावं लागत नाही, त्याच दिवशी घरी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात 15 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी 37.9 टक्क्यांचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्याची नसबंदी झालेल्या 0.3 टक्के. आम्ही काहिलीभोवतीच्या मंडळींना विचारलं, तुमच्यापैकी कुणी?

सगळे गुळव्याकडं बघून हसले. तो ढवळायचं न थांबवता म्हणाला, "आमच्या हिचं झालंय की."