शेवटची तुकडी

(पडदा काळा. यंत्रमागांचा खडखडाट. मग हळूहळू उजेड येतो: अरुंद बोळ, वाळत घातलेलं रंगीत सूत.)

हा आवाज तुमच्या ओळखीचा नसेल, तर तुम्ही सोलापूरचे नाही. पूर्व भागातल्या कुठल्याही बोळात शिरा, माग आधी ऐकू येतो, माणसं नंतर दिसतात. बऱ्याच घरांत खाली माग आणि वर बिऱ्हाड. इथं वाढलेली पोरं साधं बोलली तरी बाहेरच्याला भांडण वाटतं.

माझा मित्र त्यातलाच. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि खरा राग आला की कन्नड. आठवीपासून आम्ही एका बाकावर. शाळेचं नाव कशाला सांगू, तुकडी सांगतो. फ. अ, ब, क, ड, इ, फ. फच्या पुढं आमच्या शाळेत काही नव्हतं, सायकल स्टँड होता.

(दृश्य: रिकामा वर्ग, शेवटचा बाक, त्यावर कर्कटकानं कोरलेली नावं.)

आपल्या भाषेत गंमत बघा. वर्गाची असते ती तुकडी, आणि पलटणीची असते तीही तुकडीच. 2011 साली एक व्हिडिओ गेम आमच्या हाती पडला, ज्यात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. लष्करी शाळा. तिथली सगळ्यात शेवटची, मास्तरांनी हात टेकलेली तुकडी. आणि देशात पेटलेलं यादवी युद्ध.

गेमचं नाव व्हॅल्कीरिया क्रॉनिकल्स टू. कंपनी सेगा. यंत्र सोनीचं पीएसपी, हातात धरून खेळायचं, तेही वापरलेलं. मित्राच्या भिवंडीच्या काकांनी आणून दिलं होतं, आणि गेम त्यातल्या मेमरी स्टिकवर आधीच भरलेला होता. तो कुणी, कसा भरला, हे त्या वयात आम्ही विचारलं नाही. आज विचारलं असतं.

(दृश्य: जुना पीएसपी हातात. पडद्यावर ओरखडे.)

आम्हाला हा दुसरा भाग आहे हेच कळलं नाही. नावापुढं दोन होतं, पण आमच्याकडं दोन नंबर म्हणजे नकली मालसुद्धा. पहिला भाग मी पाहिला तो फार उशिरा, पुण्यात होस्टेलवर, कॉम्प्युटरवर. तो खेळलो आणि मग समजलं की आमच्या लाडक्या गेममध्ये काय काय राहून गेलं होतं. त्यामुळं या गेमबद्दल मी दोन तोंडांनी बोलतो. एक आठवीतलं, एक नंतरचं.

आधी पहिल्याबद्दल, थोडक्यात. 2008, प्लेस्टेशन थ्री, म्हणजे सोनीचंच टीव्हीला जोडायचं मोठं यंत्र. युरोपसारखा एक काल्पनिक खंड. दोन बलाढ्य सत्तांच्या मध्ये चेपलेला गॅलिया नावाचा छोटा देश. चित्रं अशी, की पेन्सिलीनं रेघोट्या मारून वर जलरंग फिरवावेत. रणगाडा चालला की त्याचा आवाज अक्षरांत पडद्यावर उमटायचा. आणि लढण्याची पद्धत वेगळीच. वरून नकाशा बघायचा, बुद्धिबळासारखा एक मोहरा निवडायचा. निवडला की कॅमेरा खाली उतरून थेट त्याच्या पाठीमागं उभा राहतो. आता तुम्ही त्याला पळवायचं, आणि तुम्ही पळताना शत्रू गप्प बसत नाही, गोळ्या झाडतो. नेम धरायला थांबलात की सगळं थिजतं. एका चालीत गोळी एकदाच झाडायची, दम उरला असेल तर आडोशाला पळायचं, चाल संपवली की पुन्हा वरचा नकाशा. बुद्धिबळातल्या प्याद्याला पळताना धाप लागत असती तर कसं वाटलं असतं, तसं.

हे सगळं सेगानं 2010 मध्ये पीएसपीत कोंबलं. त्या वर्षांत जपानमध्ये पीएसपीची चलती होती, पोरांच्या दप्तरांत तोच असायचा. पण प्लेस्टेशन थ्रीत दोन प्रकारची मिळून 512 एमबी मेमरी, आणि सुरुवातीच्या पीएसपीत 32 एमबी. पडदा 4.3 इंचांचा. बंगल्यातलं सामान दोन खोल्यांच्या घरात आणायचं झालं की काय होतं, ते आमच्या गल्लीला वेगळं सांगावं लागत नाही. पलंग दारातून जात नाही. मग पलंगाचे तुकडे करतात.

(दृश्य: गेममधला नकाशा. एक भाग, दुसरा भाग, मध्ये छावणी.)

इथं रणांगणाचे तुकडे केले. पहिल्या भागात एक मोठं मैदान असायचं, या टोकाच्या नेमबाजाला त्या टोकाचा शत्रू दिसायचा. दुसऱ्यात मोहिमेचे तीन-चार छोटे भाग. एका भागातली छावणी जिंकली की ती दाराचं काम करते, तिच्यातून पुढच्या भागात माणूस उतरवायचा. एका भागात पाचच माणसं. शेजारच्या भागात काय चाललंय ते या भागातून दिसत नाही. लांब पल्ल्याच्या बंदुकीला लांब पल्लाच उरला नाही.

आणि नकाशे तेच ते. तेच गाव, तोच पूल, तेच जंगल. महिन्यामागून महिने. गेममध्ये शाळेचं वर्ष असतं, दर महिन्याला कथेची एक मोठी मोहीम, पण तिच्याआधी ठरावीक किरकोळ मोहिमा खेळल्याशिवाय ती उघडत नाही. म्हणजे त्याच पुलावर पुन्हा हजर.

(दृश्य: मागावरचं जेकार्ड, फिरणारी पुठ्ठ्यांची माळ.)

मित्राच्या घरी तेव्हा चादरी विणायचे. चादरीच्या मागावर जेकार्ड असतं, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ. जिथं भोक, तिथं ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो. जिथं नाही, तिथं खाली राहतो. माळ संपली की परत पहिला पुठ्ठा, परत तोच मोर. नव्या नक्षीला नवे पुठ्ठे पाडावे लागतात आणि त्याला पैसे पडतात. तिसऱ्यांदा तोच पूल आला तेव्हा मित्र म्हणाला, "पुठ्ठ्याला पैसे नव्हते बे त्यांच्याकडं."

या गेमवर पुढं मी बरंच वाचलं. इतकं नेमकं वाक्य मला कुठं सापडलं नाही.

दुसरा दोष सांगतो, आणि या दोषाची मी बाजू घेणार नाही. बढती. तुमच्या शिपायाला वरच्या दर्जाला न्यायचं तर त्याच्याकडं ठरावीक प्रमाणपत्रं लागतात. ती मोहीम संपल्यावर मिळतात, पण कुणाला कुठलं मिळणार ते बरंचसं नशिबावर. चांगला खेळा, उत्तम खेळा, तरी हवं ते मिळेलच असं नाही. मग तीच मोहीम पुन्हा. पुन्हा. एका प्रमाणपत्रासाठी आम्ही अख्खी दिवाळीची सुट्टी घालवली. आज विचार करतो, तो वेळ कुणी परत देणार आहे का? सरकारी दाखल्यासाठी खेपा घालणारा माणूस निदान घरी येऊन शिव्या तरी घालतो. आम्ही घरीच होतो.

कथेचंही ऐका. नायक ॲव्हन हार्डिन्स. त्याचा भाऊ लिऑन लॅन्सीलच्या लष्करी शाळेत होता, तो कामगिरीवर असताना मारला गेला असं कळतं आणि बातमी खरी की खोटी हे शोधायला हा त्याच शाळेत नाव घालतो. सुरुवात चांगली आहे की नाही? पण हा मुलगा ओरडतो. आनंद झाला ओरडतो, दुःख झालं ओरडतो. देशातले बंडखोर डार्क्सन या पिढ्यान्पिढ्या हिणवल्या गेलेल्या जमातीची गावं उठवतायत, कारण गादीवरची राणी स्वतः डार्क्सन निघाली हे त्यांना सोसत नाही. आणि अशा प्रसंगाला लागून लगेच शाळेतली थट्टामस्करी, तीही पाणचट. सुताच्या दोन जाती एका ताण्यात घातल्यासारखं, मध्येच ताण बिघडतो. संगीत मात्र हितोशी साकिमोतोचं, ते कुठंही घसरत नाही.

(दृश्य: गच्ची. मावळतीचा उजेड. लांबवर जुन्या मिलची चिमणी.)

तरी आम्ही तो दोन वर्षं खेळलो. कसे खेळलो ते सांगतो.

भारनियमनाचे दिवस होते. वीज गेली की सगळ्या गल्लीचे माग एका क्षणात थांबायचे. ती शांतता कानाला टोचायची. मित्राचे वडील तिथंच मागाशेजारी आडवे व्हायचे. आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली असायची, तिच्या कामाला वीज लागत नव्हती. आणि आम्ही दोघं गच्चीवर, टाकीच्या सावलीत. बॅटरी तीन-चार तास टिकायची. एक छोटी मोहीम तो, एक मी.

आमचं इंग्रजी म्हणजे फ तुकडीचं. मित्र संवाद मोठ्यानं वाचायचा, अडला की मी डिक्शनरी उघडायची. हॉस्पिटलचं क्रियापद होतं हे आम्हाला या गेमनं शिकवलं.

ते असं. पहिल्या भागात शिपाई पडला आणि तीन फेऱ्यांत कुणी त्याच्यापर्यंत पोचलं नाही, किंवा त्याआधी शत्रू पोचला, तर तो मेला. कायमचा. दुसऱ्या भागात तसं होत नाही. पडलेला विद्यार्थी दवाखान्यात जातो, काही मोहिमा गैरहजर राहतो आणि परत येतो. जाणकारांचा याला आक्षेप आहे, आणि बरोबर आहे. जीव जाणारच नसेल तर जपायचं कशाला? पहिला भाग खेळताना एका चुकीनं माझी एक शिपाई गेली, तेव्हा मी लॅपटॉप बंद करून खाली चहाला गेलो होतो. दुसऱ्या भागात अशी संध्याकाळ एकदाही आली नाही.

पण नववीत आमच्या वर्गातली पोरं जायला लागली. एक भिवंडीला. एक घरच्याच मागावर, वडिलांचा हात गेला म्हणून. सर हजेरी घेताना तो नंबर यायचा, क्षणभर थांबायचे, पुढचा नंबर घ्यायचे. दोन महिन्यांनी थांबायचेही बंद झाले. तेव्हा गेममध्ये कुणी दवाखान्यात गेलं की मित्र दर मोहिमेनंतर यादी उघडून बघायचा, आला का. आला की म्हणायचा, "आला बे." बस, इतकंच.

(थोडा वेळ निवेदन नाही. फक्त गेमचं संगीत.)

आणि ती तुकडी. हा गेम ज्याच्यावर उभा आहे ती गोष्ट हीच, आणि तिथं सेगानं काटकसर केली नाही. क्लास जी, म्हणजे गेमची फ तुकडी. यातल्या प्रत्येकाला काही गुण, काही खोडी, आणि त्या नुसत्या कागदावर नाहीत, लढाईत ऐन वेळी उपटतात. कोझेटला डॉक्टर व्हायचंय आणि रक्त बघितलं की ती थिजते. झेरी डार्क्सन आहे, आणि आपण कुणापेक्षा कमी नाही हे दाखवायच्या नादात सगळ्यांशी फटकून. एखाद्याला वारंवार मैदानात उतरवलं की त्याची गोष्ट पुढं सरकते, शेवटी त्याच्यासाठी वेगळी मोहीम उघडते, आणि ती जिंकली की त्याच्या खोडीची जागा चांगला गुण घेतो. मोठी कथा मी विसरत चाललोय. या छोट्या गोष्टी नाही विसरत.

मित्राचा आवडता प्रकार चिलखती शिपायाचा. हा या भागात नव्यानं आला. हातात भलीमोठी ढाल आणि घण. बंदूक नाही. समोरून गोळ्यांचा पाऊस पडला तरी हा चालत राहतो, जमिनीतले सुरुंग काढत. तो मैदानात उतरला की आम्हाला गड्ड्याची, म्हणजे आमच्या सोलापूरच्या जत्रेची, आठवण यायची. सिद्धेश्वराच्या त्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणारा असाच चालतो, नजर वर, पाय मोजून, आणि बाकीचे बाजूला होतात. बाकी सगळे पळणारे शिपाई वापरून फेऱ्या वाचवायचे सल्ले देतात. मित्रानं कधीच ऐकलं नाही. कमी फेऱ्यांत जिंकलं की बक्षीस जास्त, हे त्याला माहीत होतं.

या मालिकेचा तिसरा भाग 2011 मध्येच आला, पण सेगानं तो जपानबाहेर आणला नाही. चौथा 2018 मध्ये, पुन्हा मोठ्या यंत्रांवर, मोठ्या मैदानांसह. पहिला भाग नव्या यंत्रांवर नव्यानं निघाला. दुसऱ्याच्या वाट्याला ते आलेलं नाही.

(दृश्य: कारखाना, आजचा. टॉवेलचे तागे. मित्र कॅमेऱ्याकडं न बघता गाठ मारतोय.)

मित्र आता घरचा कारखाना बघतो. चादरी बंद केल्या, टॉवेल विणतो. मी शूटिंगला येतोय म्हणाल्यावर त्यानं माळ्यावरून पीएसपी काढून ठेवला होता. बॅटरी फुगली होती, झाकण बसेना. बॅटरी काढून चार्जर थेट लावला. चालू झाला.

सेव्ह केलेला खेळ होता. यादी उघडली. एक जण अजून दवाखान्यात.

"काय करलालास बे, खेळ की," मी म्हणालो.

त्यानं हात पुसले, मागाच्या कडेला टेकला आणि एक किरकोळ मोहीम काढली. तोच पूल. ढालवाला उतरवला. पहिली छावणी घेतली, दुसरी घेतली. एक कामगार मागं येऊन उभा राहिला. दहा-बारा मिनिटं कुणी काही बोललं नाही, आणि मोहीम संपली. हिशोबाचं पान आलं. प्रमाणपत्रं वाटायला सुरुवात झाली.

आणि वीज गेली.

सगळे माग एकदम थांबले. पीएसपीचा पडदाही काळा.

मित्र त्या काळ्या पडद्याकडं बघत राहिला. मग कामगाराला म्हणाला, "चहा सांग." आणि मला म्हणाला, "सेव्ह नव्हतं बे केलं."