हद्दीपलीकडचं पासिंग

[दृश्य: कोगनोळीजवळचा महामार्ग. एमएच आणि केए पाट्यांच्या गाड्या एकाच रांगेत.]

कोगनोळी सोडलं की कागल, पुढं कोल्हापूर. दवाखाना, लग्नकार्य, खरेदी, कर्नाटकातल्या निपाणीच्या माणसाला ही राज्याची हद्द जाणवतही नाही. कोल्हापुरात बऱ्यापैकी जुनी कार दिसली की व्यवहार ठरतो. पैसे दिले, किल्ली घेतली, गाडी दारात. पासिंग मात्र कोल्हापूरचं, एमएच ०९च राहतं आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी दाखल्यावर, नावही विकणाऱ्याचंच. एनओसी म्हणजे ना हरकत दाखला आणायचा, कर्नाटकाचा रोड टॅक्स भरायचा, म्हणून काम पुढं ढकललं जातं.

मग एखाद्या दिवशी तवंदी घाटात अपघात होतो.

समोरचा माणूस जखमी झाला आणि गाडीचा विमा चालू असेल, तर त्याची भरपाई विमा कंपनीवर येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार गाडी विकली की थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे गेला असं मानलं जातं. कायद्यानं रस्त्यावरच्या माणसाला उघड्यावर टाकलेलं नाही, हे फार चांगलं आहे.

पण हे संरक्षण तुमच्या गाडीला नाही. चेपलेलं बॉनेट, फुटलेला रेडिएटर यांच्या क्लेमसाठी पॉलिसी तुमच्या नावावर हवी. विकणाऱ्याच्या नावावर क्लेम लावू, असं गॅरेजमध्ये सर्रास सुचवलं जातं. तसं करू नका. ज्यानं गाडी विकली, त्याचं नुकसान झालेलंच नसतं.

याहून जिवाला लागणारी गोष्ट वेगळी आहे. पॉलिसीत मालक-चालकासाठी १५ लाखांचा अपघात विमा असतो. त्यासाठी आरसी आणि पॉलिसी, दोन्हींवर नाव त्याचंच लागतं आणि लायसन्सही चालू लागतं. गाडी चालवताना नवा मालक गेला, तर कागदावर तो मालकच नसतो. घरच्यांच्या हाती काही येत नाही.

विकणाराही सुटत नाही. आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलं. विमा संपलेला असेल, तर भरपाईची नोटीस कोल्हापुरातल्या त्या जुन्या मालकाच्या दारात जाते.

[दृश्य: पोलीस ठाण्याचा व्हरांडा.]

इकडं फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते. सही करण्याआधी ती वाचून दाखवली पाहिजे, हे कायद्यातच आहे. अर्थ मराठीत समजून घ्या आणि प्रत मागा, ती मोफत मिळते. अपघात कागलला झाला तरी बेळगावात राहणाऱ्या जखमीला भरपाईचा दावा बेळगावच्या न्यायाधिकरणात लावता येतो.

[दृश्य: आरटीओची खिडकी, फॉर्म भरणारे हात.]

परराज्यातली गाडी घेताना फॉर्म २८ ची एनओसी, फॉर्म २९ आणि ३० यांवर विकणाऱ्याच्या सह्या पैसे देतानाच घ्या. पासिंग बदलायला वेळ लागतो. विमा कंपनीला मात्र विक्रीचा पुरावा जोडून १४ दिवसांत लेखी कळवा आणि पोच घ्या.