दोन प्रमाणपत्रं: एक प्रोग्रामरचं, एक प्रोग्रामचं

[दृश्य: साखर कारखान्याचा वजनकाटा, रात्र. उसाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर चढते.]

निवेदन:

गळीत हंगामात हा काटा रात्रंदिवस चालतो. ट्रॉली उभी राहते, खालच्या लोडसेलवर, म्हणजे भार मोजणाऱ्या सेन्सरवर, भार येतो, केबिनमधल्या इंडिकेटरवर आकडा हलतो आणि स्थिरावतो. शेजारच्या संगणकावरचा प्रोग्राम तो आकडा उचलतो आणि पावती छापतो. ऊस उतरवून गाडी परत आली की रिकामं वजन होतं. दोन्हींतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. त्यावर त्याचं बिल ठरतं.

हा प्रोग्राम डेस्कटॉपचा, म्हणजे त्या संगणकावरच बसवलेला आणि तिथेच चालणारा आहे, आणि त्याला कारण आहे. इंडिकेटर सिरियल पोर्टला, म्हणजे एकामागून एक संकेत पाठवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या जोडणीला, लावलेला असतो, पावतीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्याच संगणकाला असतो, आणि इंटरनेट गेलं म्हणून रांग थांबवता येत नाही. औषधाच्या दुकानातलं बिलिंग, पॅथॉलॉजी लॅबमधल्या यंत्राला जोडलेला संगणक, पतसंस्थेचा काउंटर, अशा कितीतरी ठिकाणी आजही डेस्कटॉप सॉफ्टवेअरच काम करतं. ते लिहायला कुठे शिकायचं, आणि शिकल्याचा दाखला कोण देतं?

[दृश्य: आयटीआयची संगणक प्रयोगशाळा.]

दहावीनंतर आयटीआयचा ‘कोपा’ ट्रेड आहे. पूर्ण नाव कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट. एक वर्षाचा अभ्यास, शेवटी अखिल भारतीय परीक्षा, आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र. नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेचा ‘ओ लेव्हल’ हा दुसरा रस्ता. त्याच्या सध्याच्या चार विषयांत संगणकाची साधनं आणि नेटवर्क, वेब डिझाइन, पायथन आणि इंटरनेट ऑफ थिंग्ज आहेत. पदवीनंतर येणाऱ्यांसाठी सीडॅक या सरकारी संस्थेचा प्रगत संगणनाचा अभ्यासक्रम आहे, पीजी-डॅक नावाने ओळखला जाणारा. ही संस्था १९८८ सालची, मुख्यालय पुण्यात. सी-कॅट ही प्रवेश परीक्षा, मग २४ आठवडे, ९०० तास. जावा ही भाषा आणि डॉट नेट हे मायक्रोसॉफ्टचं प्रोग्राम बांधायचं व्यासपीठ, दोन्ही शिकवतात, पण भर वेबवर.

एकेकाळी खास डेस्कटॉपची परीक्षा होती. मायक्रोसॉफ्टची ७०-५०५ विंडोज फॉर्म्ससाठी, ७०-५०२ डब्ल्यूपीएफसाठी (दोन्ही खिडक्या-बटणं बनवायची साधनं), आणि पुढे डॉट नेट ४ वर ७०-५११. हजारपैकी ७०० गुण मिळाले की उत्तीर्ण. त्या परीक्षा केव्हाच बंद झाल्या. सी शार्प या भाषेची ७०-४८३ सुद्धा ३१ जानेवारी २०२१ ला संपली, आणि आता मायक्रोसॉफ्टच्या विकसकांसाठीच्या परीक्षा मुख्यतः क्लाउडभोवती फिरतात. ऑरेकलची जावा १७ ची परीक्षा आहे, १झेड०-८२९. ९० मिनिटांत ५० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ६८ टक्के. भाषा ती कसून तपासते, पण खिडक्या आणि बटणं तिच्या अभ्यासक्रमात नाहीत. फ्री कोड कॅम्प आणि मायक्रोसॉफ्ट मिळून सी शार्पचं प्राथमिक प्रमाणपत्र विनाशुल्क देतात. त्यासाठी साधारण ३५ तासांचं प्रशिक्षण आणि ८० प्रश्नांची परीक्षा असते. सुरुवातीला हेच घ्यावं, असं आमचं मत.

ही प्रमाणपत्रं पाया पक्का असल्याचं सांगतात, आणि पाया लागतोच. पण काट्यावरच्या संगणकात प्रोग्राम कुठे मोडेल, हे त्यांतल्या एकाही परीक्षेत विचारलं जात नाही. त्याचं शिक्षण एकच प्रोग्राम शेवटपर्यंत नेऊन मिळतं. ज्याला लूप, क्लास आणि डेटाबेसची प्राथमिक ओळख आहे, त्याने रोज दोन तास धरले तर चार महिने हाताशी ठेवावेत. आपण काट्याचाच प्रोग्राम घेऊ.

[दृश्य: डीबी-९ या सिरियल पोर्टच्या नऊ पिनांच्या जोडणीचा जवळून फोटो. पिन २, ३ आणि ५ वर खुणा.]

घरी वजनकाटा नसतो. दोन यूएसबी-सिरियल केबल घ्या आणि मध्ये पिन २ आणि ३ उलटसुलट जोडा, ५ ला ५. किंवा कॉम-झिरो-कॉम हे मुक्त सॉफ्टवेअर टाका. ते एकाच संगणकात दोन खोटे पोर्ट तयार करून एकमेकांना जोडतं. एका बाजूने नकली इंडिकेटर आकडे पाठवतो, दुसऱ्या बाजूला तुमचा प्रोग्राम वाचतो.

पहिला अडथळा वेगाचा. इंडिकेटर ९६०० बॉडवर (बॉड हे संकेतांच्या वेगाचं माप) आणि प्रोग्राम २४०० वर असेल, तर पडद्यावर चित्रविचित्र अक्षरं येतात. तीच गत पॅरिटीची, म्हणजे चूक ओळखायच्या जादा बिटची मांडणी चुकली तर. हे लगेच दिसतं, म्हणून सोपं.

अवघड ते, जे दिसत नाही. सिरियल पोर्टवरून मजकूर सलग येतो, पण हातात पडतो तुकड्यांनी. इंडिकेटरने २४५६० पाठवलं, तर प्रोग्रामला आधी ‘२४’ आणि क्षणभराने ‘५६०’ मिळू शकतं. नवशिक्या पहिला तुकडा आकडा समजून मोकळा होतो. विकसकाच्या टेबलावर हे शंभरात एकदाही होत नाही, आणि काट्यावर नेमकं गर्दीच्या वेळी होतं. उपाय असा: आलेलं सगळं बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, साठवायचं, ओळ संपल्याची खूण मिळाली की मगच तोडायचं, आणि लांबी जुळली नाही तर ती ओळ टाकून द्यायची. शिवाय वजन स्थिर झालंय का, हे पाहायचं. बरेच इंडिकेटर त्यासाठी वेगळं अक्षर पाठवतात. नसेल तर ओळीने पाच-सहा वाचनं सारखी येईपर्यंत ‘वजन घ्या’ हे बटण बंद ठेवायचं.

[दृश्य: गोठलेली खिडकी, शीर्षकपट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’.]

आता धाग्यांचा, म्हणजे थ्रेडचा विषय. एका प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं म्हणजे थ्रेड. इथे थोडा वेळ थांबू. डॉट नेटमध्ये पोर्टवर डेटा आल्याची सूचना वेगळ्या थ्रेडवर येते. खिडकीतलं लेबल मात्र ज्या थ्रेडने तयार केलं, त्यानेच बदलायचं असतं. विंडोज फॉर्म्समध्ये हा नियम मोडला, तर डीबगर (चुका शोधायचं साधन) जोडलेला असताना लगेच चूक दाखवली जाते. डीबगर नसेल, तर ही तपासणी आपोआप बंद असते. म्हणजे ग्राहकाकडे तोच कोड कधी चालतो, कधी खिडकी गोठवतो, आणि चूक म्हणून काहीच दिसत नाही.

मग विद्यार्थी ‘इन्व्होक’ वापरायला शिकतो. ते काम मुख्य थ्रेडकडे सोपवतं आणि ते होईपर्यंत थांबतं. ते बरोबर आहे, पण त्यात एक सापळा आहे. ऑपरेटरने प्रोग्राम बंद केला की मुख्य थ्रेड पोर्ट बंद करायला जातो आणि डेटा हाताळणारं काम संपायची वाट पाहतो. ते काम ‘इन्व्होक’मध्ये मुख्य थ्रेडची वाट पाहत असतं. दोघंही एकमेकांसाठी थांबलेले. कायमचे. ‘बिगिनइन्व्होक’ निरोप ठेवून पुढे जातं, थांबत नाही, त्यामुळे ही गाठ पडत नाही. कोणत्याही वर्गात हा प्रसंग मुद्दाम घडवून दाखवावा. फळ्यावर समजत नाही.

वजन किलोत, पूर्णांक म्हणून साठवा. रुपयांसाठी ‘डेसिमल’, म्हणजे दशांश अचूक ठेवणारा प्रकार. ‘डबल’ या दुसऱ्या प्रकारात ०.१ आणि ०.२ ची बेरीज अचूक ०.३ होत नाही, आणि हंगामभराच्या हिशेबात हा फरक कुठेतरी वर येतो.

[दृश्य: एकाच संगणकावर दोन लॉगिन. दोन्हीकडे वेगळी यादी.]

पुढचा प्रश्न: डेटा कुठे ठेवायचा? ‘प्रोग्राम फाइल्स’ या, प्रोग्राम जिथे बसवले जातात त्या फोल्डरमध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही. व्हीबी-६ (व्हिज्युअल बेसिक ६) मध्ये लिहिलेल्या जुन्या प्रोग्रामांनी तिथे लिहायचा प्रयत्न केला, तर व्हिस्टापासूनचं विंडोज तो मजकूर गुपचूप त्या वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’मध्ये वळवतं. परिणाम असा, की दिवसपाळीच्या लॉगिनला एक यादी दिसते आणि रात्रपाळीच्या लॉगिनला दुसरी. लोक म्हणतात नोंदी गायब झाल्या. त्या गायब नसतात, दोन जागी विभागलेल्या असतात.

सगळ्यांचा डेटा ‘प्रोग्रामडेटा’मध्ये ठेवायचा. पण तिथेही एकाने तयार केलेली फाइल दुसरा साधा वापरकर्ता फक्त वाचू शकतो, बदलू शकत नाही. म्हणून इन्स्टॉलरनेच आपला फोल्डर तयार करून सर्वांना बदलाची परवानगी द्यावी लागते. हे विसरलं की पहिली पाळी सुरळीत जाते आणि दुसरी अडते.

मराठी नावांकडे येऊ. ‘क्षिती’ हे नाव डोळ्यांना दोन अक्षरांचं दिसतं, पण युनिकोड या अक्षरसंकेतांच्या पद्धतीत ते सहा संकेतांचं आहे: क, हलन्त, ष, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी. पावतीवर जागा कमी म्हणून नाव ठरावीक लांबीवर कापलं, तर वेलांटी तुटते किंवा पाय मोडका राहतो. कापायचंच तर पूर्ण अक्षरांच्या हद्दीवर कापा. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये ‘व्हारचार’ प्रकारच्या स्तंभात देवनागरी घातली, की सहसा ओळीने प्रश्नचिन्हं साठतात, आणि मूळ नाव परत मिळत नाही. युनिकोड साठवणारा ‘एनव्हारचार’ घ्या. जुन्या फॉन्टांत टंकलेल्या याद्या मिळाल्या, तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मगच आत घाला. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने साठवा. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असेल, तर ४ मे चा ५ एप्रिल होतो.

पडद्याचं प्रमाण (स्केलिंग) १२५ किंवा १५० टक्के ठेवून एकदा प्रोग्राम उघडून बघा. बटणं कापली जाताहेत का, ते लगेच कळतं.

[दृश्य: नवा लॅपटॉप, पाकिटातून काढलेला.]

विकसकाच्या संगणकात सगळं आधीपासून असतं, म्हणून तिथली चाचणी ही चाचणी नव्हेच. विंडोज प्रो असेल तर त्यात ‘विंडोज सँडबॉक्स’ मिळतं. ते दरवेळी कोरं उघडतं आणि बंद केलं की पुसलं जातं. इन्स्टॉलर तिथे चालवा. ग्राहकाकडे अजून विंडोज ७ असेल, तर डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ वर राहावं लागतं. डॉट नेट ८ तिथे चालणार नाही. नव्या संगणकांसाठी ‘सेल्फ-कंटेन्ड’ बांधणी करा, म्हणजे प्रोग्राम चालवायला लागणारा रनटाइम त्याच्यासोबतच जातो. फाइल मोठी होते, पण रनटाइम नाही म्हणून अडत नाही.

आणि आता दुसरं प्रमाणपत्र, प्रोग्रामचं स्वतःचं. डिजिटल सही नसलेला इन्स्टॉलर इंटरनेटवरून उतरवला, की विंडोज निळी पाटी दाखवून अडवतं: प्रकाशक अज्ञात. त्यासाठी कोड-सायनिंग प्रमाणपत्र लागतं. देणारी संस्था तुमची किंवा कंपनीची ओळख कागदपत्रांवरून पडताळते. १ जून २०२३ पासून त्याची सही करायची खाजगी किल्ली साध्या फाइलमध्ये मिळत नाही. ती हार्डवेअर टोकनवर किंवा तशाच सुरक्षित यंत्रणेत ठेवावी लागते. जीएसटी भरताना वापरतात, ती कागदपत्रांची डिजिटल सही इथे चालत नाही.

सही करताना टाइमस्टॅम्प, म्हणजे सहीच्या वेळेची खूण, घालायला विसरू नका. तो नसेल, तर प्रमाणपत्राची मुदत संपली की आधी दिलेल्या सगळ्या इन्स्टॉलरांवरची सहीही अवैध ठरते. टाइमस्टॅम्प असला, की सही केली तेव्हा प्रमाणपत्र चालू होतं याची नोंद राहते, आणि जुनी फाइल वैध राहते.

[दृश्य: प्रशिक्षण वर्ग. टेबलावर परका लॅपटॉप, शेजारी नकली इंडिकेटर.]

शेवटची परीक्षा अशी घ्यावी. लॅपटॉप परका, साध्या वापरकर्त्याचं लॉगिन, पडदा १५० टक्क्यांवर, प्रादेशिक मांडणी अमेरिकी. विद्यार्थ्याच्या हातात फक्त पेनड्राइव्ह. इन्स्टॉल करायचं, भरलेलं वजन घ्यायचं, रिकामं घ्यायचं, ‘क्षिती’च्या नावाची पावती छापायची. मधेच परीक्षक सिरियल केबल उपसतो आणि दुसऱ्या यूएसबी खोबणीत लावतो. त्यामुळे पोर्टचा क्रमांक ३ चा ५ होऊ शकतो. प्रोग्रामने बंद न पडता जोडणी तुटल्याचं सांगायला हवं, नवा पोर्ट निवडू द्यायला हवा, आणि आधी घेतलेलं भरलेलं वजन जिथल्या तिथे असायला हवं.

[दृश्य: प्रिंटर चालू होतो. कागद सरकतो.]