मुठीत वेग, सीटखाली हिशेब

श्रोते मंडळी, नमस्कार.

सकाळी इंदूरच्या सियागंज बाजारात माल भरायची घाई असते. तेलाचे डबे, साखरेची पोती, साबणाची खोकी लादलेल्या बॅटरीवरच्या तीनचाकी गर्दीतून वाट काढत असतात. धूर नाही, इंजिनाची धडधड नाही. पुढचा हमाल बाजूला होईपर्यंत गाडी मुंगीच्या पावलाने येते आणि रस्ता मोकळा झाला की पळते. गिअर नाही, क्लच नाही. चालकाने उजवी मूठ पिळली, एवढंच. माझं आयुष्य मोटारी वाइंडिंग करण्यात गेलं. मला त्या मुंगीच्या पावलाचं फार अप्रूप वाटतं, आणि आज मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

मोटारीला विजेचा पुरा दाब, म्हणजे पुरे व्होल्ट, दिले की ती पुऱ्या वेगाने फिरणार. मग हळू कशी फिरवायची? घरच्या पंख्याचा जुना, मोठा रेग्युलेटर आठवतो का? पंखा एकवर ठेवला की तो डबा गरम व्हायचा. आतलं तारेचं वेटोळं वीज अडवायचं आणि तिची नुसती उष्णता करून टाकायचं. पंख्याला ते चालून गेलं. गाडीचा हिशेब करून बघा. 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकीला एक जोडल्या की 48 व्होल्ट होतात. मोटारीला निम्मे, 24 व्होल्टच द्यायचे आहेत आणि 50 अँपिअर वाहताहेत. उरलेले 24 व्होल्ट वेटोळ्याने गिळायचे, म्हणजे 1200 वॅट. कपड्यांच्या इस्त्रीहून मोठी शेगडी सीटखाली पेटवल्यासारखंच झालं, आणि तीही रात्रभर चार्ज केलेल्या बॅटरीच्या जिवावर.

म्हणून आताच्या गाडीत वीज अडवत नाहीत, तोडून तोडून देतात. सीटखाली ॲल्युमिनियमचा एक डबा असतो, पाठीवर पन्हाळीसारख्या रेघा असलेला. तो कंट्रोलर. त्यात मॉस्फेट नावाची, बोटाच्या पेराएवढी स्विचं असतात. ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. बऱ्याच कंट्रोलरमध्ये 15 ते 20 हजार वेळा. दर खेपेला पाव वेळ चालू आणि पाऊण वेळ बंद ठेवली, तर मोटारीला सरासरी 12 व्होल्ट पोचतात. निम्मा वेळ चालू ठेवली तर 24. मूठ पिळताना तुम्ही फक्त हे प्रमाण बदलत असता. चालू असलेल्या मॉस्फेटचा अडथळा नावापुरता असतो. 5 मिलिओहम धरला, तर 50 अँपिअरला वाया जातात साडेबारा वॅट. चालू-बंद होताना आणखी थोडे जातात, ती उष्णता बाहेर टाकायलाच डब्याच्या पाठीवर त्या रेघा. तरी 1200 कुठे आणि हे कुठे!

मग गाडी गचके का खात नाही? कारण तांब्याच्या गुंडाळीचा स्वभाव. तिच्यातून वाहणारा प्रवाह ती एकदम थांबू देत नाही. स्विच बंद झालं तरी प्रवाह दुसऱ्या वाटेने मोटारीतच फिरत राहतो. त्यामुळे पाव वेळच्या चालीवर मोटारीत 100 अँपिअर खेळत असले, तरी बॅटरीतून सरासरी 25 अँपिअरच निघतात. भरलेली गाडी जागची हलवायला लागणारा जोर असा मिळतो. इतकी वर्षं तांब्याची तार हाताळली, पण हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो होतो.

या मोटारीला फिरत्या भागावर घासून वीज पोचवणारे कार्बन ब्रश नसतात. तीन जाड तारा आत जातात, आणि आतले तीन हॉल सेन्सर चुंबक कुठे आलाय ते कळवतात. कोणत्या दोन तारांत आता वीज सोडायची, हे कंट्रोलर त्यावरून ठरवतो.

आमच्या गल्लीतला एक मुलगा अशी गाडी चालवतो. एक दिवस म्हणाला, "काका, कंट्रोलर पुन्हा जळाला. वर्षात दुसऱ्यांदा." मी विचारलं, शास्त्री ब्रिजच्या चढावर गर्दीत थांबतोस तेव्हा काय करतोस? म्हणाला, "मूठ थोडी पिळून धरतो, गाडी मागे येत नाही."

दुखणं तिथेच होतं. फिरती मोटार स्वतःच उलटा दाब तयार करते आणि त्यानेच प्रवाह आवाक्यात राहतो. थांबलेल्या मोटारीत तो दाब शून्य. वाइंडिंगचा अडथळा एक दशांश ओहम असेल, तर 48 व्होल्टवर 480 अँपिअर धावतील. कंट्रोलर प्रवाहाला मर्यादा घालतो, ते बरं. पण मोटार हलतच नाही, त्यामुळे तारांची पाळी बदलत नाही. सगळा भार त्याच दोन तारांवर, त्याच मॉस्फेटांवर पडून राहतो. ती भाजतात. चढावर थांबायचं असेल तर ब्रेक धरा, मूठ सोडा. तो मुलगा आता तसंच करतो.

नियमाप्रमाणे या गाड्यांना ताशी 25 किलोमीटरची मर्यादा आहे. कंट्रोलरची तार काढून वेग वाढवून द्या, म्हणून लोक माझ्याकडे येतात. मी हात लावत नाही. तिचे ब्रेक आणि तिचा सांगाडा त्या वेगाच्या बेताने केलेले असतात, आणि वर पोती असतात. तसंच शिशाच्या चार बॅटऱ्यांचा दाब 42 व्होल्टच्या आसपास उतरला की कंट्रोलर गाडी थांबवतो. त्याच्यावर चिडू नका, तो बॅटऱ्या वाचवतोय.

शेवटी त्या मुठीबद्दल. तिच्यात एक लहान चुंबक आणि एक हॉल सेन्सर असतो, तीन बारीक तारा. मूठ सोडलेली असताना साधारण 1 व्होल्टचा इशारा जातो, पूर्ण पिळली की 4 व्होल्टच्या वर. तो थेट 5 व्होल्टवर पोचला, तर चांगला कंट्रोलर समजतो की तार तुटली आहे, आणि मोटारीची वीज बंद करतो. किल्ली फिरवताना मूठ पिळलेली असली तरी तो गाडी हलू देत नाही. अशा वेळी गाडी बिघडली म्हणून मेकॅनिकला फोन करू नका. मूठ सोडा, किल्ली बंद करा आणि पुन्हा फिरवा.

नमस्कार.