प्रिंटर दिसेना झाला, तर आधी त्याचा नंबर काढा

मंडळी, "सर, प्रिंटर दिसेना झालाय बघा" हे वाक्य मला आपल्या बेळगावात शहापूरच्या दुकानांतून ऐकू येतं, टिळकवाडीच्या घरांतून येतं, आणि पावसाळा लागला की खानापूरकडून जास्तच येतं. विचारपूस केली तर मोबाइलला नेट असतं, यूट्यूब चालत असतं, प्रिंटरचा दिवाही लागलेला असतो. फक्त लॅपटॉपला तो सापडत नाही. मग कुणीतरी सुचवतं आणि नवा प्रिंटर किंवा नवा राउटर घरात येतो. चांगली चालणारी वस्तू बाजूला पडते आणि कष्टाचा पैसा जातो. याचा मला फार त्रास होतो, म्हणून आज हा विषय घेतला.

घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक नंबर देतो, १९२.१६८.१.२० असा काहीतरी. आपण मात्र वापरतो ते नाव. नावावरून नंबर शोधण्याचं काम इंटरनेटवर डीएनएस करतं. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी त्याची रचना मांडली. पण तुमच्या घरच्या प्रिंटरची नोंद त्या बाहेरच्या यादीत नसते. घरातल्या घरात वेगळी सोय चालते, तिचं नाव एमडीएनएस. २०१३ च्या आरएफसी ६७६२ या इंटरनेटच्या नियमपत्रात तिचे नियम आले आणि 'डॉट लोकल'ने (.local) संपणारी नावं तिच्यासाठी राखली गेली. वाड्याच्या चौकात उभं राहून नावानं हाक मारावी आणि ज्याचं नाव असेल त्यानं 'ओ' द्यावी, तसं हे चालतं. लॅपटॉप २२४.०.०.२५१ या सामाईक पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर, म्हणजे ठरलेल्या दारावर, विचारतो आणि प्रिंटर स्वतःच आपला नंबर सांगतो. ही विचारणा राउटर ओलांडून पलीकडच्या नेटवर्कमध्ये जात नाही. बहुतेक तक्रारींचं मूळ मला इथेच सापडतं.

वडगाव-खासबागकडचं घर घ्या. पुढे राहण्याच्या खोल्या, मागे मागाची शेड. फायबरचा डबा पुढच्या खोलीत. शेडमध्ये सिग्नल पोचेना म्हणून दुसरा राउटर आणला आणि पुढून आलेली केबल त्याच्या वॅनच्या, म्हणजे बाहेरचं नेट घेण्याच्या, खाचेत घातली. नेट सुरू झालं, सगळे खूश. पण आता घरात दोन नेटवर्क झाली. पुढचे नंबर १९२.१६८.१ चे, मागचे १९२.१६८.० चे. शेडमधल्या मोबाइलवरून पुढच्या प्रिंटरचा नंबर टाकला तर त्याचं पान उघडतं, नाव टाकलं तर उघडत नाही. उलट दिशेनं, पुढच्या लॅपटॉपवरून शेडमधला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डबा, नावानंही मिळत नाही आणि नंबरानंही नाही. यात यंत्र एकही बिघडलेलं नाही. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता पहिल्याचंच नेटवर्क पुढे पोचवेल. तो मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी, म्हणजे नंबर वाटण्याचं काम, बंद करा, त्याला पहिल्याच्या मालिकेतला मोकळा नंबर द्या आणि केबल वॅनमधून काढून लॅनच्या, म्हणजे घरातली यंत्रं जोडण्याच्या, खाचेत घाला. घर पुन्हा एक होतं.

म्हणून तपासणीचा क्रम मोडू नका. प्रिंटरच्या पडद्यावरून किंवा त्याच्या मेनूतून नेटवर्कचं पान छापून नंबर घ्या. त्या नंबराला पिंग करा, म्हणजे लॅपटॉपच्या कमांड खिडकीत ping लिहून पुढे तो नंबर टाका; यंत्र पोचण्यात असेल तर उत्तर देतं. उत्तर आलं तर रस्ता ठीक आहे, भानगड नावाची आहे. मग नावापुढे डॉट लोकल लावून पुन्हा पिंग करा. नावाचा नंबर शोधणाऱ्या एनएसलुकअप (nslookup) या आज्ञेवर इथे भरवसा ठेवू नका. ती आज्ञा डीएनएस सर्व्हरलाच विचारते, एमडीएनएसला विचारतच नाही. तिनं 'सापडलं नाही' म्हटलं म्हणून काहीही सिद्ध होत नाही.

नंबरालाही उत्तर आलं नाही, तर आधी दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर आहेत का बघा. गेस्ट वायफायवरची यंत्रं मुद्दामच घरच्या यंत्रांपासून तोडलेली असतात. विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' धरलं गेलं असेल तर 'प्रायव्हेट' करा. ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा.

आता पावसाळ्याचं. करंट जातो, येतो, पुन्हा जातो. कुणाला कुठला नंबर दिला याची नोंद पुष्कळ घरगुती राउटर तात्पुरत्या मेमरीत ठेवतात. करंट गेला की ती पुसली जाते. परत सुरू झाल्यावर प्रिंटरचा जुना नंबर एखाद्या मोबाइलला मिळू शकतो आणि लॅपटॉप मात्र जुन्याच नंबरावर कागद पाठवत बसतो. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ॲड्रेस रिझर्व्हेशन असतं. तिथे प्रिंटर आणि डीव्हीआर यांचे मॅक पत्ते, म्हणजे यंत्राची कारखान्यातून आलेली ओळख, घालून नंबर कायमचे बांधून टाका. लॅपटॉपवरच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे नाव-नंबरांच्या यादीत, नावं लिहून ठेवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो घरासाठी पटत नाही, कारण ती प्रत्येक लॅपटॉपवर वेगळी लिहावी लागते आणि नंबर बदलला की तीच फाइल चुकीची वाट दाखवते. बांधणी झाल्यावर राउटर एकदा स्वतः बंद-चालू करा आणि लगेच एक पान छापून बघा. पाऊस पडायची वाट बघू नका.

ज्यांनी घरून नेटवर्कचं पान छापून आणलंय, त्यांनी आता पुढे या, एकेकाचं बघू. आधी खानापूरची मंडळी, त्यांना बस गाठायची आहे.