शिसवाचं कौतुक पुरे, आधी तबलीचं बोला

मंडळी, पत्रिकेत छापलंय की ‘आपल्याकडच्या लाकडाची गिटार हाताने बनवून कशी घ्यावी’. त्यावर येतोच. पण गिटार बनवून घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “पाठीला शिसव मिळेल ना?” तेव्हा आधी शिसवाचं भूत उतरवू.

शिसव उत्तमच, त्यात वाद नाही. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये ब्राझीलचं शिसव सोडून आपलं घेतलं. तेव्हापासून जगभरच्या कितीतरी गिटारींच्या पाठी आपल्या सह्याद्रीतल्या आणि दक्षिणेतल्या झाडांच्या जातीच्या. म्हणजे कपाट, पाट, देव्हारा यांत आजोबांनी वापरलेलं लाकूड बाहेर ‘रोझवुड’ झालं आणि आपण ते ‘इम्पोर्टेड’ समजून विचारू लागलो. २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. इथे स्वतःच्या बांधावरचं झाड तोडायचं तरी वनखात्याची परवानगी आणि वाहतुकीचा पास लागतो. वखारीत बिनपासाचं शिसव कुणी स्वस्तात दाखवलं, तर तिथून निघा.

आता मुद्दा. इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एका कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या. माप एक, तबली (तारांखालची वरची फळी) एकाच जातीच्या स्प्रूस लाकडाची, फरक फक्त पाठ आणि बाजूंच्या लाकडात. त्यात ब्राझीलचं शिसव होतं, आपलं होतं, महोगनी, मेपल, सापेली, अक्रोडही होतं. ५२ वादकांना मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डरचा गॉगल चढवून वाजवायला दिल्या. (गिटारवादकाला लाकूड दिसू नये म्हणून वेल्डरचा गॉगल लागतो, यातच सगळं आलं.) आवाजाला दिलेले गुण सगळ्यांना जवळपास सारखे, आणि कुठली गिटार कुठली हे ओळखण्यात मंडळी कच्ची. निबंध २०१८ मध्ये छापून आला. त्याआधी दीडशे वर्षं, १८६२ मध्ये, स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेसने पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या करून वर चांगली तबली बसवली होती. बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात ती आहे. पुठ्ठा! आणि आपण शिसवाच्या रेघा मोजतोय.

मिरजेच्या कारागिरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. तंबोऱ्याचा भोपळा शेतातून येतो. तबली निवडून घेतात. ती तून नावाच्या झाडाच्या लाकडाची. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मग गिटारीला तूनच का नको? परदेशी स्प्रूसपेक्षा ते थोडं जड आणि लांबीच्या दिशेने कमी ताठ असतं. स्प्रूसची तबली साधारण २.७ मिलिमीटरवर थांबते, तुनाची ३ च्या आसपास ठेवावी लागते. पण हा आकडा पाठ करू नका. रंधा मारत फळी दोन्ही हातांनी वाकवून बघायची, ताठपणा योग्य वाटला की थांबायचं. शिवणीच्या झाडाचं लाकूडही चालतं, हलकं आणि स्थिर. चिराई मात्र अशी हवी की वर्षवलयं फळीच्या पृष्ठभागाला काटकोनात उभी दिसतील, हीच उभी चिराई. आडव्या चिराईची फळी ऋतूगणिक अंगाने फुगते-आटते, शिवाय कडा वळवून घेते.

आणि ओलावा. इथे थोडं रेंगाळणार, कारण गिटारी फुटतात त्या इथेच. कोकणात जुलैत हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर जाते, तेव्हा लाकडात १८ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. नागपूरच्या मे महिन्यात तेच ५-६ टक्क्यांवर येतं. उभ्या चिराईच्या लाकडात दर एक टक्का ओलाव्यामागे रुंदी सुमारे ०.१ टक्का बदलते. फरक १२ टक्क्यांचा, तबली ४०० मिलिमीटर रुंद, म्हणजे जवळपास ५ मिलिमीटर! तबलीच्या आत आधाराच्या पट्ट्या आडव्या चिकटवलेल्या, त्या लांबीने आटत नाहीत. तबलीला जागा मिळाली नाही की ती फाटते, बहुधा घोडीच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे. म्हणून पट्ट्या चिकटवणं आणि पेटी बंद करणं ही कामं ४५ ते ५० टक्के आर्द्रतेच्या बंद खोलीतच करायची, तबली-पाठ किंचित घुमटदार ठेवायची, आटली तर घुमट थोडा बसतो, फाटत नाही. फळ्या ४-५ मिलिमीटर जाड चिरून, मध्ये काड्या घालून काही महिने वाळवलेल्या हव्यात. ‘भट्टीत वाळवलंय’ या शब्दावर विसंबू नका, ओलावामापक लावून आकडा बघा. ८ ते १० टक्के ठीक.

बाकी लाकडांचं पटकन. सागवान पाठीला छान, पण त्यातली सिलिका पात्यांची धार खाते आणि तेल गोंद धरू देत नाही. जोडण्याआधी लगेच ॲसिटोनने पुसावं लागतं. (दार-चौकटीसाठी जे तेल गुणाचं, तेच इथे डोकेदुखी.) फणसाचे धागे उलटसुलट, बाजू वाकवताना तुटतात. आंब्याला भुंगा लागतो, भोकं तपासा. बोटपट्टीला शिसवाचा गाभा किंवा खैर. मानेला तून किंवा सागवान, उभ्या चिराईचं, आत लोखंडी दांडा हवाच, कारण स्टीलच्या तारांचा एकूण ताण ७० किलोच्या वर जातो.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरली. म्हणजे मूळ विषय!

कारागिराला कागदावर लिहून द्या: तारेची लांबी ६४५ की ६५० मिलिमीटर, मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या हाडाच्या पट्टीची रुंदी ४३ की ४४ (बोटांनी वाजवणार असाल तर ४४), तारांचा जाड-बारीक संच, वादनाची पद्धत, आणि गिटार कुठल्या गावात राहणार. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते कुणीच सांगत नाही. आगाऊ रक्कम लाकूड दाखवल्यावर द्या, पुढचा हप्ता पाठ चिकटवण्याआधी. त्या दिवशी स्वतः जा आणि आतल्या पट्ट्यांचे फोटो काढा. पेटी बंद झाली की आत काय झालं ते कळत नाही. मान बसवल्यावर पडद्यांवर सरळ पट्टी ठेवा, तिचं टोक घोडीच्या माथ्याला टेकलं पाहिजे. खाली गेलं तर मानेचा कोन चुकलाय. हे तारा चढल्यावर नव्हे, तेव्हाच सुधारतं. हातात आल्यावर बाराव्या पडद्यावर जाड तार साधारण २.४, बारीक १.८ मिलिमीटर उंच असावी. त्याच फळीचा एक तुकडा मागून घ्या, पुढे दुरुस्तीला रंग-रेघ जुळवायला उपयोगी पडतो.

बाहेर चहाच्या टेबलावर तुनाच्या दोन पट्ट्या ठेवल्यात, एक उभ्या चिराईची, एक आडव्या. दोन्ही वाकवून बघा. तोडू नका, उभ्या चिराईची परत न्यायचीय.