पलीकडचं शेत कोणाचं?

(गावच्या वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, पुढे या. मागची पोरंही या, कारण मला मध्येच फळ्यावर एक त्रिकोण काढायचा आहे आणि त्याचे कोन सगळ्यांना दिसले पाहिजेत. साडेसातला याच मंडपात हरिपाठ आहे, म्हणून लगेच सुरुवात करतो.

फलकावर विषय लिहिला आहे ‘इतिहास आणि विश्वभय’. विश्वभय हा माझा शब्द. इंग्रजीत ज्याला कॉस्मिक हॉरर म्हणतात, त्याला मी हेच म्हणतो. आपल्याकडच्या भुताला काहीतरी हवं असतं. त्याची वासना राहिलेली असते, कोणावर तरी राग असतो, त्याला नारळ चालतो, निवद चालतो. म्हणजे त्याचं आपल्याकडे लक्ष असतं. विश्वभयात समोरच्याला तुमची खबरच नाही. आपण वखर हाकतो तेव्हा मुंग्यांचं वारूळ मोडतं. मुंग्यांशी आपलं वैर असतं का? आपण खाली पाहिलेलंही नसतं. त्या वारुळातल्या एका मुंगीला क्षणभर वखर, बैल आणि माणूस असं सगळं एकदम दिसलं तर तिचं काय होईल? ही ती भीती.

अमेरिकेत एच. पी. लव्हक्राफ्ट नावाच्या लेखकाने, १८९० ते १९३७ हा त्याचा काळ, ही भीती कथांमध्ये आणली. त्यावरून १९८१ साली सँडी पीटरसन यांनी ‘कॉल ऑफ कथुलू’ हा खेळ तयार केला. केऑसियम ही प्रकाशन संस्था तो अजून काढते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार, बाकीचे एकेक पात्र. सूत्रधार प्रसंग सांगतो, “दार उघडं आहे, आत अंधार आहे, काय करता?” तुम्ही सांगता. जमलं की नाही हे फासे ठरवतात. दहा पैलूंचे दोन फासे, एक दशकाचा, एक एककाचा. तुमचं कौशल्य ४० असेल तर ४० किंवा त्याखाली पडलं पाहिजे. झाडीपट्टीचं नाटक रात्रभर पाहणाऱ्यांना मी सांगतो, तसंच आहे हे. फक्त प्रेक्षक कोणी नाही आणि संहिता कोणाकडेच पूर्ण नाही.

या खेळात ‘सॅनिटी’ नावाचा आकडा असतो. मी त्याला भान म्हणतो. भयंकर काही दिसलं की फासा टाकायचा. भानापेक्षा जास्त पडलं की भान कमी होतं, आणि एका फटक्यात पाच किंवा त्याहून जास्त गेलं तर पात्राचा तोल सुटू शकतो. आता जो नियम सांगतो, त्याच्यासाठी मी या खेळाच्या प्रेमात पडलो. त्या परक्या, अफाट गोष्टींचं ज्ञान हेही पात्राचं एक कौशल्य असतं, आणि तुमचं भान कधीही ९९ वजा ते ज्ञान यापेक्षा वर जाऊ शकत नाही. जितकं कळेल तितकं छत खाली येतं. चौतीस वर्षं भूगोल शिकवला मी. ज्ञानाची किंमत अशी आकड्यात मांडलेली दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

हा खेळ मुळात १९२०च्या दशकातल्या अमेरिकेत घडतो. पुढे व्हिक्टोरियन लंडन आलं, रोम आलं, युरोपचं मध्ययुग आलं. मी म्हणतो, आपला वर्धा जिल्हा घ्या. साल १८२३.

हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे. आपल्यापैकी कितीजण तिथून कापसाची गाडी घेऊन गेले असतील, पण आत वळले नसतील. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्याने पायारेषा मोजून हिंदुस्थानची त्रिकोणी मोजणी सुरू केली. एक बाजू साखळीने मोजायची, मग टेकडीवरून टेकडीवर नुसते कोन मोजत त्रिकोणांची माळ गुंफत वर सरकायचं. त्याचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्ध्या टनाचं. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटलं, त्याची तबकडी वाकली. हा माणूस कित्येक आठवडे तंबूत बसून ती तबकडी स्वतः सरळ करत राहिला. अशी माळ ओवत ओवत सत्तरीच्या घरातला लॅम्ब्टन हैदराबादकडून नागपूरला निघाला आणि २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या वणेकाठी गेला. त्याचं काम हाती घेतलं त्याच्या मदतनिसाने, जॉर्ज एव्हरेस्टने. हो, तोच, शिखरवाला.

त्याच १८२३ मध्ये, इथून पश्चिमेला सरळ रेषेत सुमारे २५० किलोमीटरवर, सी. जे. ई. अलेक्झांडर हा इंग्रज अधिकारी लोणारच्या काठावर उभा राहिला आणि त्याने त्या विवराची नोंद केली. आणि त्याच १८२३ मध्ये, ३ नोव्हेंबरला, यानोश बोल्याई या विशीतल्या हंगेरियन लष्करी अधिकाऱ्याने वडिलांना पत्र लिहून कळवलं की आपण शून्यातून एक नवंच जग निर्माण केलं आहे. त्याच्या त्या भूमितीत त्रिकोणाचे तीन कोन मिळून एकशे ऐंशी भरत नाहीत. कमी भरतात.

तीन माणसं, एकच वर्ष. या योगायोगावर मी एक खेळ रचला. त्याचीच गोष्ट आता सांगतो, जरा लांबेल.

जानेवारीचे दिवस. हरभऱ्याला पाणी द्यायचं, आणि शेतीची लाईन येते रात्री. मग आम्ही चौघं शेतातल्या खोपडीत बसून लाईनची वाट पाहत खेळायचो. मी, माझे दोन जुने विद्यार्थी आणि माझी पुतणी. ती तालुक्याला गणित शिकवते. त्या रात्री मला मोजणी प्रत्यक्ष दाखवायची होती. म्हणून मी माझी जुनी मोजणीची साखळी नेली होती. कबड्डीचं मैदान आखतात त्या फक्कीने वावरात मोठा त्रिकोण आखला. तिन्ही टोकांवर बांबू रोवले, बांबूंना लाल फडकी बांधली, मधोमध कंदील ठेवला. पोह्यांसाठी कांदा-लिंबू आणलं होतं, ते कंदिलाजवळच पडलेलं.

तुमच्या लक्षात आलंच असेल. अर्ध्या तासात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, वीस-पंचवीस माणसं काठ्या घेऊन उभी. पुढे पोलीस पाटील. “गुरुजी, तुम्ही? तुम्ही गुप्तधन काढून राहिले?”

तेव्हा काही हसले, पण मला हसू आलं नाही आणि आजही येत नाही. ती माणसं आली हे बरोबरच केलं. गुप्तधनाच्या नादात आपल्या भागात काय काय होतं, कोणाच्या लेकराच्या जिवावर बेततं, हे इथं कोणाला सांगायला नको. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच झालेला नाही. वावरात रात्री लाल फडकं आणि लिंबू दिसलं की गावाने काठी घेऊन यायलाच पाहिजे. मी हात जोडले, सगळ्यांना खाली बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. लॅम्ब्टन, साखळी, त्रिकोण. पृथ्वी गोल आहे, म्हणून एवढ्या मोठ्या त्रिकोणात कोनांची बेरीज १८० अंशांच्या थोडी वर जाते. साधारण २०० चौरस किलोमीटरला एक सेकंद, म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. मोजणीवाले ही वाढ हिशेबात धरतात. आमच्या खेळात लोणारच्या दिशेचा शेवटचा त्रिकोण मोजला, तर बेरीज वाढायची सोडून कमी भरली. यंत्र तपासलं, माणूस बदलला, पुन्हा मोजलं. आणखी कमी.

लाईन आली होती, मोटार सुरू झाली होती, तरी कोणी उठलं नाही. मागे एक म्हातारे शेतकरी बसले होते. जन्मात शाळेत गेले नसतील, पण तीनदा सरकारी मोजणी आणलेली. ते म्हणाले, “मोजणीत कमी भरलं म्हंजे धुरा कोरला कोनंतरी.” मग थोडं थांबून मला विचारलं, “पल्याडचं वावर कोनाचं हाय, गुरुजी?”

मंडळी, माझ्या अंगावर काटा आला. एवढी पुस्तकं वाचली, इतके खेळ खेळलो, पण ही भीती इतकी नेमकी कोणी मांडली नव्हती. दरवर्षी नांगराचा एक तास इकडे सरकवून धुरा कोरणारा शेजारी काय असतो, हे ज्याला माहीत आहे, त्यालाच तो प्रश्न सुचतो. आपल्या जगाचा धुरा कोणीतरी पलीकडून कोरतंय. आणि पलीकडे शेत आहे, म्हणजे कोणीतरी तिथे पेरत असणार. तेव्हापासून मी खेळाचं जुनं नाव टाकून दिलं. ‘पलीकडचं शेत’ हेच त्याचं नाव आता.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे ज्या मुद्द्यांसाठी बोलावलं होतं ते आता धावत सांगतो.

पहिला मुद्दा, तारीख नेमकी पाहिजे. ‘जुन्या काळी’ म्हटलं की भीती पातळ होते. १८२३ म्हटलं की आगकाडी नाही, रेल्वे नाही. नागपूरचे राजे तिसरे रघुजी अजून अल्पवयीन, कारभार इंग्रजांचा रेसिडेंट जेन्किन्स याच्या हाती. पेंढाऱ्यांच्या धाडी लोकांच्या ताज्या आठवणीत. लोणार पलीकडे निजामाच्या मुलखात. आणि मुख्य म्हणजे पात्राला काय माहीत नाही ते ठरतं. लोणार उल्केच्या आघाताने झालं हे पक्कं झालं १९७३ मध्ये, तिथल्या दगडात मॅस्केलिनाइट सापडलं तेव्हा. जबर आघाताशिवाय ते तयार होत नाही. म्हणजे खेळणाऱ्याला ठाऊक आहे की हे आकाशातून पडलं, आणि पात्राला पुढची दीडशे वर्षं ते कळणार नाही. या दीडशे वर्षांच्या फटीत सूत्रधाराने बसायचं.

दुसरा मुद्दा माझ्या तक्रारीचा. एका मोठ्या शहरात मी एक खेळ खेळलो, तयार कथानक होतं, ‘हिंदुस्थानातलं खेडं’. साहेब शोध घेणारे, आणि जंगलातले आदिवासी रात्री ढोल वाजवून राक्षसाला बळी देणारे. मी मध्येच उठून आलो. लव्हक्राफ्टच्या लिखाणात गोऱ्यांशिवायच्या माणसांचा तिटकारा उघड दिसतो. खेळ रचणारे तो न तपासता उचलतात तेव्हा मला राग येतो, आणि तो राग मला सोडायचा नाही. आपल्याकडे एखाद्या म्हातारीला करणी करणारी ठरवून खरोखर मारलेलं आहे. खेळातही ती पुन्हा गुन्हेगार? माझ्या खेळात साहेब तंबूत आजारी पडलेला असतो. शोध घेतात ते निशाण धरणारा खलाशी, तंबूतला कारकून, हिंगणघाटचा कापसाचा व्यापारी आणि एक सुईण. सुईणीला सगळ्यात जास्त भान मिळतं, कारण तिने सगळ्यात जास्त पाहिलेलं असतं.

लोणासुरालाही मी हात लावत नाही. लोणारच्या कथेत दैत्यसूदन विष्णू येतो, असुर मरतो, माणसं सुटतात. ती कथा आपल्या जागी पूर्ण आहे. विश्वभयात सोडवायला कोणी येत नाही. दोन्हींची खिचडी केली तर दोन्ही बिघडतात.

तिसरा मुद्दा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. माणसांनी केलेलं पाप राक्षसाच्या नावावर घालायचं नाही. १८९९-१९००च्या दुष्काळावर खेळ रच, असं मला पोरं म्हणतात. वऱ्हाड आणि मध्य प्रांतात माणसं पटापट मेली त्या वर्षात. तो दुष्काळ कुठल्या तरी परग्रहावरच्या शक्तीने घडवला असं एकदा दाखवलं, की सरकार सुटलं, सावकार सुटला, धान्य दाबून ठेवणारा सुटला. त्या मेलेल्यांचा मी दुसऱ्यांदा अपमान करणार नाही. दुष्काळ मागे असू द्या, पण त्याचं कारण जे होतं तेच राहू द्या.

आता शेवट काय झाला ते सांगून थांबतो, टाळ यायला लागले आहेत.

शेवटच्या प्रसंगात लॅम्ब्टन गेलेला आहे. वही खलाशाच्या हातात आहे, आणि खलाशी म्हणजे माझी पुतणी. वहीत तो आकडा आहे, १८० ला कमी पडणारा. सकाळी ती एव्हरेस्टकडे पाठवायची. कारकून म्हणतो, जशी आहे तशी दे, साहेबाचा हुकूम आहे. व्यापारी म्हणतो, जाळून टाक. पुतणी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मी बोरू घेते आणि बेरीज दुरुस्त करते. जेवढी यायला पाहिजे होती तेवढी.” मी विचारलं, का? ती म्हणाली, “काका, त्याला हिमालयापर्यंत जायचं आहे. ही वही अशीच मिळाली तर तो इथून हलणार नाही. इथंच बसून मोजत राहील.”

आणि म्हणून कुठल्याही दप्तरात तुम्हाला त्या त्रिकोणाची नोंद सापडत नाही. मी तिला फासे टाकायला सांगितले, कारण आता सगळं माहीत असलेली ती एकटीच उरली होती. तिचं भान उरलं होतं एकतीस. दशकाचा फासा कंदिलाच्या बुडाला लागून थांबला, आठ. एककाचा गवतात गेला. तो शोधायला आम्ही चौघं वाकलो, आणि पुतणी म्हणाली, “राहू द्या काका, आठच्या पुढे काय आहे त्याने आता काही फरक पडत नाही.”

या बुवा, बसा. सतरंज्या तशाच असू द्या.